कंपनीचा शिक्का हवा

सर, आपल्या खात्याला पैसे आले. कोर्टानं शिक्षेऐवजी बंधपत्रावर सोडलेली माणसं पुन्हा गुन्ह्याकडे वळू नयेत, म्हणून सरकारनं योजना आणलीय. दोन समुपदेशक, कामाचं प्रशिक्षण, गावोगाव भेटी द्यायला गाडी. तुम्ही सायकल दामटत ज्यासाठी अर्जावर अर्ज करत राहिलात, ते सगळं. बातमी आली त्या दिवशी मी कचेरीत पेढे वाटले. पहिल्या हप्त्यात दोन्ही समुपदेशक रुजूही झाले. आणि आता गेले आठ दिवस माझं जेवणात लक्ष नाही. पुढचा हप्ता हवा असेल तर आपल्या देखरेखीखालच्या प्रत्येक माणसाच्या नोकरीचा दाखला जोडायचाय, मालकाच्या सही-शिक्क्यानिशी. उद्या दुपारपर्यंत. दाखला म्हटल्यावर मला काय आठवलं असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

मी तुमच्या हाताखाली नोकरीला लागले तेव्हा वाळूजच्या एमआयडीसीत रोज नव्या कंपनीची पाटी लागत होती आणि शहरात नामांतराचे मोर्चे निघत होते. अशाच एका मोर्चात एसटीवर दगड मारल्याबद्दल दोषी ठरलेला तो लेथवरचा माणूस वर्षभरासाठी आपल्याकडे सोपवलेला होता. तुम्ही त्याला कधी कचेरीत बोलावलं नाहीत, त्याच्या कंपनीच्या फाटकाकडे फिरकलाही नाहीत. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मुकुंदवाडीत भाजीवाल्यांजवळच्या टपरीवर तुम्ही दोघं चहा पीत बसलेले असायचात. तुमच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मेथी आणि मेथीखाली त्याची फाईल. कुणी पाहिलं तर दोन ओळखीची माणसं बोलतायत एवढंच दिसावं. मी समाजकार्याची ताजी पदवी घेऊन आलेली, मला मनातून हसू यायचं. ही कसली भाजीबाजारातली देखरेख! तुम्ही चार दिवस रजेवर गेलात आणि मी कंपनीला कचेरीच्या छापील पाकिटातून पत्र धाडलं. सदर इसम आपल्याकडे कामास आहे काय, त्याची वर्तणूक कशी आहे. इतकं सुबक पत्र मी त्याआधी लिहिलं नव्हतं. उत्तर आठवड्यात आलं. कामास होता, आता नाही. माझ्या पत्रानंच त्यांना केस कळली होती, आणि मोर्चाच्या केसमधला माणूस त्यांना नको होता.

पुढं काही महिन्यांनी तो तांब्याची तार चोरताना सापडला आणि हर्सूलच्या जेलात गेला. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाटलं, वाचले. पण भेटीच्या दिवशी तुम्ही मला सोबत नेलंत आणि जेलबाहेरच्या झाडाखाली त्याच्या बायकोशेजारी बसवलंत. "तिला काय विचारायचंय ते विचारू द्या. उत्तर तुम्ही द्यायचं," एवढं म्हणून तुम्ही आत निघून गेलात. मी बसलेय, हातातला रुमाल चोळामोळा करतेय, आणि ती माझ्याकडे बघतही नाहीये. शेवटी म्हणाली, "बाई, त्यांनी तुमचं काय वाकडं केलं व्हतं?" मी नियम सांगितले. अहवालात पुरावा लागतो, असं काहीबाही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं "व्हय का" म्हणाली.

आता माझ्याकडे एक बाई आहे. धुण्याभांड्याची कामं सुटली, तेव्हा एका घरातून तिनं बांगड्या उचलल्या होत्या. आता वाळूजला पॅकिंगवर आहे, मुलीला शाळेत घातलंय, बंधपत्राचे चार महिने राहिलेत. तिच्या सुपरवायझरला यातलं काही माहीत नाही. बाकी सगळ्यांचे दाखले कसेबसे मिळाले. कुणी शेतात आहे, कुणी चुलत्याच्या दुकानात. हिचा राहिला. वरून साहेबांचा फोन आला, एका बाईपायी जिल्ह्याचा हप्ता अडकवणार का, म्हणून. त्यांचंही चूक नाही. पैसे परत गेले तर ती दोन समुपदेशक पोरं घरी बसतील, आणि इतकी वर्षं मागून मिळालेलं माझ्याच हातानं जाईल. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. शेवटच्या वर्षी फाईलवर शेरा नको, हेही मनात आहेच.

म्हणून आज तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी गेले आणि खरं ते सांगून टाकलं. पत्र गेलं तर काय होईल, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिनं चहा ठेवला, साखर घातली, ढवळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "पाठवा म्याडम. माझ्यापायी तुमाला वरचे बोलतील. मी बघंन कुठं तरी दुसरं."

घरी येऊन मी कंपनीसाठी लिहिलेलं पत्र फाडलं. दाखल्याच्या रकान्यात 'प्रत्यक्ष भेटून खात्री केली' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली. उद्या ते चालेल की सगळंच परत येईल, मला माहीत नाही. पण तुम्ही आता या जगात नाही, हे तुम्हाला वाचायला मिळणार नाही, म्हणूनच एक लिहिते. ती 'पाठवा' म्हणाली ना सर, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तिच्या दारापासून रिक्षा मिळेपर्यंत, चांगली दहा मिनिटं, मी सुटले म्हणून खूश होते.