पेन ड्राइव्ह एकच होता

४ मार्च
पोचलो एकदाचा! नवी नोकरी, नवं गाव आणि राहायला मावशीचं घर. म्हणजे फुकटात जेवण आणि वर बोलणी. दारातच म्हणाली, किती वाळलास रे, तुझ्या आईनं उपाशी ठेवलं की काय? संकोच करू नकोस, काका गेल्यापासून घरात जागाच जागा आहे. मला खिडकीची खोली मिळाली. मागच्या खोलीत काकांचा जुना कॉम्प्युटर आहे. तो सुरू करून चहा टाकला तर चहा आधी होतो. काकांनी स्वतःचा आवाज त्यात भरून ठेवलाय: पेपर वाचताना, नळ दुरुस्त करताना, मावशीवर खेकसताना. ती रोज दुपारी ऐकत बसते. हल्ली तो मध्येच बंद पडतो. हे गेलं तर ते दुसऱ्यांदा जातील, असं म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.

५ मार्च
जुन्या कॉम्प्युटरला लिनक्स ही फुकटातली, हलकी सिस्टीम झकास, हे तिच्या गळी उतरवलं. आवाज आधी माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. ती म्हणाली, काय उठाठेव करायची ती कर, पण ह्यांना धक्का लावू नकोस. मी छातीठोकपणे हो म्हटलं.

८ मार्च
इतके दिवस नुसता काळा पडदा. ग्राफिक्स कार्ड पडलं म्हातारं, नव्या सिस्टीमशी त्याचं जमेना. शेवटी कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या आज्ञेच्या ओळीत एक शब्द वाढवला आणि गाडी रुळावर आली. सगळी डिस्क पुसू का, असं पडद्यावर विचारलं. मी बिनधास्त हो म्हटलं. लिनक्स बसलं. आवाज परत टाकायला पेन ड्राइव्ह उघडला, तर त्यात लिनक्सशिवाय काहीच नाही. कॉम्प्युटरवर बसवण्यासाठी लिनक्स मी आधी त्याच पेन ड्राइव्हवर चढवलं होतं. चढवताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे मीच लोकांना शिकवत आलोय. काका माझ्या हातानं गेले. मावशीला उद्या सांगेन.

९ मार्च
सांगितलं नाही. ऑफिसातून आलो तर ती कॉम्प्युटरपुढे बसून हसत होती. काका बोलत होते. डिस्क उघडून पाहिली, रिकामी. स्पीकर तर काढून मी माझ्या टेबलावर ठेवलेत. काका विचारत होते, पोरगा नीट जेवतो का? मी इथं येण्याआधीच ते गेले. मावशी म्हणाली, बघ, तुझी चौकशी करतायत. मला फार भीती वाटली.

१२ मार्च
मावशीचा घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले, घशात काहीच नाही. संध्याकाळी मागच्या खोलीतून काका-मावशी दोघांचं बोलणं ऐकू आलं. ती खळखळून हसली. पण मावशी माझ्यासमोर भाजी चिरत होती. तोंड मिटलेलं.

१३ मार्च
डिस्क पुन्हा पुसली. दुसरं काही सुचेना. वळून पाहिलं तर मावशी दारात. तोंड उघडून काहीतरी म्हणाली, पण आवाज नाही. अजिबात नाही. कॉम्प्युटरमधून काका म्हणाले, बरं केलंस, जागा झाली.

१४ मार्च
सकाळपासून माझाही — ओरडून पाहिलं. नुसती हवा. वायर उपटली. आतला पंखा फिरतोच आहे.

दुपारी. माझा फोन वाजला, आईचा. मावशीनं तो उचलून कॉम्प्युटरपुढे धरला. आणि माझ्याच आवाजात — मी बोललोच नाही — आई, मावशीला बरं नाही, लगेच निघ, इथं जागा खूप आहे. पलीकडून आई काळजीनं किती वेळ बोलत राहिली. हिसकावून घेईपर्यंत फोन बंद.

मेसेज केला, येऊ नकोस. आईचं उत्तर, आत्ताच तर बोललास, ही काय चेष्टा? निघालेय.

१५ मार्च
दाराशीच बसलोय. वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, आत येऊ नकोस. तिच्या तोंडासमोर धरेन —

बेल.

आईच. हातात बॅग. ओठ हलतायत, पण आवाज — आवाज मागच्या खोलीतून येतोय, आले रे बाळा, किती वाळला —