निळी नळी

धुळे, १२ जानेवारी १९६८

प्रिय सुगंधा,

आज सकाळी नळी निळी राहिली बघ! तुझ्या भावानं, मगननं, नेहमीसारखी निळ्या औषधात माझी लघवी टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली, आणि रंग पालटेचना. वर्षभर साखरेनं विटेसारखी लाल व्हायची. मला दिसत नाही, म्हणून घरातल्या प्रत्येकानं येऊन सांगितलं, निळी, निळी! साखर उतरल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं ना, तेव्हापासून माझा सगळा जीव त्या नळीत अडकला होता.

हे पत्र तुझी वहिनी लिहून घेते आहे. काय छळलं गं या यशोदानं मला! गुळाच्या डब्याला कुलूप घातलं, तू यावलहून पाठवलेला केळ्यांचा घड गल्लीत वाटून टाकला, तरी नळी लालच. मग सगळ्यांचं ठरलं, म्हातारी चोरून खाते. तूही पत्रातून रागावलीस. यशोदा आता हसते आहे, पण कुलपाचं वाक्य गाळायचं नाही म्हणून मी तिला दटावलंय.

दिवाळीनंतर साखरेच्या डॉक्टरांनीही विचारलं, आजी, खरं सांगा, गोड खाता ना? मला असा संताप आला की म्हटलं, "गोड कसानं, डाक्टर? मन्ह्या बठ्ठ्या दाढा हालतस." सगळ्या दाढा हलतात म्हटल्यावर त्यांनी तोंड उघडायला लावलं. मशेरीनं सगळं काळंभोर. चूळ भरायला लावली, ती लाल आली. हिरड्या ठणकल्या की मी मशेरी चोळायची, तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, आणि त्या काळ्यात रक्त कुणाला दिसणार? त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते म्हणाले, हिरड्यांत पू धरलाय, तो आहे तोवर साखर नीट उतरायची नाही, आणि साखर चढलेली राहिली की हिरड्या आणखी सडणार. हलत्या दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या, इंजेक्शनं दिली. गोळ्या त्याच, पथ्य तेच. यशोदानं मशेरीची डबी उकिरड्यावर फेकली तेव्हा मात्र मला रडू आलं. आता भाकरी दुधात कुस्करून खाते, पण नळी आधी पिवळी झाली, मग हिरवी, आणि आज ही अशी.

डोळ्याचं ऑपरेशन पुढल्या सोमवारी ठरलंय. तुझ्या छकुलीच्या बारशाला तिचं नाक कुणावर गेलंय यावरून सगळ्या बायका भांडत होत्या आणि मी गप्प बसले होते, आठवतं? आईला नातीचं कौतुकच नाही, म्हणून तू रुसून गेलीस. अगं, तेव्हा मोतीबिंदूचं मी कुणालाच बोलले नव्हते. मला तिचं तोंड दिसलंच नाही. गालावरून हात फिरवला, तेवढंच. पट्टी सुटायच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तिला घेऊन ये आणि माझ्यासमोर बस. नाक कुणावर गेलंय ते मी सांगेन.

तुझीच, बोळक्या तोंडाची पण निर्दोष सुटलेली,
आई