वैशूचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. नारायणगुडा

घोळ मीच घातला.

शाळेत पहिलं बोलायचं ते मुलानं, हा आईचा नियम. माझ्या अपंग ताईला वाढवताना ती हे शिकली. आता अशा मुलांच्या आईबापांना ती शाळेपर्यंत नेते. मी फक्त तिचा स्कूटरवाला.

आज माझ्या कॉलेजातल्या सुजाताची धाकटी बहीण वैशू होती. तिची जीभ जड आहे, शब्द यायला वेळ लागतो. मोठ्या बाई म्हणाल्या, एका राज्याची दोन होतायत, सरकारी फायली अडकल्यात, तरी ही स्वतः नाव सांगेल तर वर्गात बसवून घेते.

"वै… वै…" वैशूनं सुरू केलं. बाई पुढे वाकून थांबल्या होत्या. समोर सुजाता. मला राहवलं नाही. टेबलावर हात आपटला, "वैशाली नाव आहे तिचं! कायद्यानं घ्यावंच लागेल!"

वैशूचं तोंड मिटलं, ते परत उघडलंच नाही.

"अरे बेटा, उसको बोलने देते ना," बाई म्हणाल्या. "अब शुक्रवार को लाओ. आखरी मौका."

फाटकाशी सुजाता भडकली, "हीरो! कॉलेज अर्ध्यात सोडलंस, तिचं नाव तरी पुरं होऊ द्यायचं होतंस."

कायदा तर खरा आहे ना? मग? खरं सांगायचं तर सुजातासाठी ओरडलो. ते "वै… वै…" कानातून जात नाही.

आई म्हणते, शुक्रवारी तू स्कूटरपाशी थांब.

"आणि ती परत अडकली तर?"

"अडकू दे. आम्ही बसून राहू."