तू म्हणालीस, बरी झालीस

आई, तू माझ्याशी खोटं बोललीस का? तू जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न मला पडला तो गेल्या उन्हाळ्यात, इथे आखातात, खलिफा सिटीतल्या क्लिनिकमध्ये. मला सहावा महिना, बीपी वाढलेलं, लघवीत प्रोटीन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘बचपन में किडनी की कोई तकलीफ?’ म्हटलं, ‘थी, पर ठीक हो गई.’ त्यांनी विचारलं, ‘किसने कहा?’

तू म्हणाली होतीस. आपण फुजैराला राहायचो तेव्हा, मी दुसरीत असताना पायांवर जांभळट ठिपके उठले, गुडघे सुजले, आणि एके दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. किडनीला सूज, असं निघालं. तू लोणची-पापड शेजारी देऊन टाकलेस आणि सगळ्यांनाच अळणी वरण वाढू लागलीस. तेलाच्या टर्मिनलवरच्या ड्युटीवरून दमून आलेले बाबा कुरकुरले, तर म्हणालीस, ‘तिच्यासमोर तुम्ही मीठ घेणार?’ पुढे गोळ्या बंद झाल्या. ‘खलास, बरी झालीस!’ म्हणत तू मला उचलून घेतलंस. तरी दर सुट्टीत पुण्याला गेलो की तू मला लॅबमध्ये नेतेस, हातात बाटली देतेस. ‘शाळेला लागतं.’ वर्गात दुसऱ्या कुणालाच लागत नाही, हे मला ठाऊक असतं. रिपोर्ट वाचून तू बाबांकडे बघतेस, आणि मी तुम्हा दोघांकडे.

क्लिनिकमधूनच बाबांना फोन लावला. ते म्हणाले, ‘डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक मुलं बरी होतात, पण काहींना मोठेपणी पुन्हा त्रास होतो, बाळंतपणात वगैरे. तुझी आई म्हणाली, पोरीला पेशंट म्हणून वाढवायचं नाही. लग्न ठरलं की सांगणार होती.’ त्याआधीच तू गेलीस. ‘आणि तुम्ही?’ ‘मला वाटलं, तिने सांगितलं असेल.’ यावर माझा अजून विश्वास नाही.

मुलगी जरा लवकर झाली, पण धडधाकट आहे. माझं प्रोटीन पूर्ण गेलेलं नाही. गोळी चालू आहे, तपासणी आता जन्माची. तुला चार शब्द सुनवायचे म्हणून लिहायला बसले होते. पण तू आधी सांगितलं असतंस, तर घाबरून मी मूल होऊच दिलं नसतं. तू मला पुरती ओळखत होतीस. म्हणूनच गप्प राहिलीस का, हा आता नवा संशय. हे मी बाबांना वाचून दाखवणार नाही. ते ‘नाही’ म्हणतील, आणि मला तर तो संशय खराच ठरायला हवा आहे.