राघोची संगीन

२ सप्टेंबर १९२८, रविवार
प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो आहे. राजपुऱ्यातल्या भंगारवाल्याकडून एक संगीन आणली. तीन कडांची, बंदुकीच्या नळीवर बांगडीसारखी चढवायची, सत्तावनच्या गदरच्या आसपासची असावी. तो तिला भाला म्हणत होता, वर नारळ सोलायला उत्तम म्हणून भलावणही. परवाना आहे म्हणून बरं, नाहीतर माझी शस्त्रांनी भरलेली भिंत पाहून पोलिसांनी मला केव्हाच बंडखोर ठरवलं असतं.
ही असती तर म्हणाली असती, आणलंत आणखी एक लोखंड? ती गेल्यापासून कुणी टोकत नाही, त्यामुळे आणण्यातली निम्मी मजा गेली. रात्रीला खिचडी.

५ सप्टें., बुध.
बहादरपूरहून एक म्हातारे आले, धना आबा. केळीची बाग, थोडा कापूस. कुणीतरी सांगितलं म्हणे, राजपुऱ्यात एक मास्तर आहे, त्याला संगिनी वाचता येतात. पंच्यात गुंडाळलेली एक संगीन पुढे ठेवली. हळदकुंकवाने माखलेली. लांब, सरळ पात्याची, लढाईतली.
मुलगा राघो फौजेत गेला, बसऱ्याकडे. १९१६ त सरकारी कागद आला, बेपत्ता. मेला असं लिहिलेलं नाही. लढाई संपल्यावर एक परतलेला शिपाई ही घेऊन आला, म्हणाला राघोची. दोन दिवस जेवला आणि गेला. त्याचं गाव कुणी विचारलं नाही. तेव्हापासून ही देवांत.
आबांना एवढंच हवं आहे, ही त्याची की नाही. ठेवून घेतली.

९ सप्टें., रवि.
भलतंच झालं आहे. दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी घरच्यांनी ही चिंच आणि विटेच्या भुकटीने घासली. लख्ख केली, आणि खुणा पुसून टाकल्या. मुठीवर पलटणीचा आकडा असतो, तिथे आता आरसा. देव समजून घासली, कुणाला बोल लावणार?
पात्याच्या मुळाशी १९०७ तेवढं वाचता येतं. गावच्या पटवाऱ्याने तेच वाचून सांगितलं होतं, साल जुळतं. नवखा माणूस तिथेच फसतो. ते नमुना ठरवल्याचं साल, घडवल्याचं नव्हे. घडवल्याचा महिना आणि साल खाली बारीक असतात. तिथे काही दिसत नाही. घासलेट लावून ठेवली आहे.

१६ सप्टें., रवि.
आबा आले, केळ्यांची फणी घेऊन. दुपारभर बसले. राघो पोहायचा कसा, तापीला पूर असताना पलीकडे जाऊन कसा शिट्टी मारायचा. मी चहा केला, पुन्हा केला. फार दिवसांनी घरात दोन कप विसळले.
खुणेचं विचारलं तर म्हटलं, वेळ लागेल. खरंच लागतो आहे. पण लागला तर बरं, असंही मनात आलं.
त्यांची अडचण अशी. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. बारा या पितृपक्षात भरतात. भटजी मागे लागले आहेत. आबा म्हणतात, संगीन त्याची असेल तर गेला असं धरून सर्वपित्रीला पुतळा जाळतो. नसेल तर मी जिवंत आहे तोवर नाही.

२३ सप्टें., रवि.
सापडलं. सकाळचं ऊन तिरपं येतं त्या खिडकीत धरली, काजळी चोळून पुसली. रेघांत काळं राहिलं तेवढं वाचलं. साल १८. पुन्हा चोळलं, पुन्हा वाचलं. १८ च.
राघो १६ त नाहीसा झाला. ही तेव्हा घडलीही नव्हती. शिपाई खोटं बोलला. दोन वेळच्या जेवणासाठी, की म्हाताऱ्याचं तोंड पाहवेना म्हणून?
ओळख पटली की मला आनंद होतो. आज झाला नाही.

२६ सप्टें., बुध.
आबांची सून आली, राघोची बायको मंजुळा. सोबत आणलेली शेजारीण ओट्यावर बसवली आणि ही दारातच उभी राहिली. कपाळाला ठसठशीत कुंकू. बारा वर्षं लावते आहे, कुणासाठी ते माहीत नाही. मला वाटलं, नाही त्याची, हेच ऐकायला आली असेल. उलट निघालं.
"मास्तर, त्याचीच आहे म्हणून सांगून द्या."
त्यांच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न. खकनारला भावाने एक ठिकाण पाहिलं आहे, बायको गेलेला, दोन लेकरं. पण राघो गेला असं जातीचे पंच म्हणाल्याशिवाय पाट नाही. सासरे चांगले आहेत म्हणाली, त्यांना दुखवून जायचं नाही.
"मी वाईट नाही मास्तर. मी थकली आता."
मी काही कबूल केलं नाही. चहा विचारायचंही सुचलं नाही. गेल्यावर फार ओशाळल्यासारखं वाटलं.

७ ऑक्टो., रवि.
आज हिची अविधवा नवमी. स्वयंपाकीणबाई करून गेल्या. पानावर एकटा बसलो.
दुपारी आबा. आज सरळ विचारलं. दोन्ही उत्तरं जिभेवर होती. खरं तेच सांगितलं. आजवर एकाही पात्याबद्दल खोटं बोललो नाही, इतक्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलू? साल दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, तरी पाहत राहिले. मग मंजुळा येऊन गेली तेही सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कळत नाही. आबा उठले, संगीन न घेताच गेले.

१० ऑक्टो., बुध.
बाजारचा दिवस. आबा आले नाहीत. दूध नासलं.

१२ ऑक्टो., शुक्र.
आबा आले. ओट्यावरच बसले, आत या म्हटलं तर नको म्हणाले. उद्या सर्वपित्री. पंच सकाळी त्यांच्या घरी जमणार, मला यायला सांगितलं आहे. बराच वेळ काठीने जमिनीवर रेघा ओढत होते. मग म्हणाले,
"पंचांले सांगा, त्याचीच आहे. पोरगीले जाऊ द्या. फक्त माह्यासमोर नका सांगू. मी त्या टायमाले केळीत जाऊन बसतो."
मी म्हटलं, पुतळ्याला अग्नी कोण देणार?
"पुतण्या देईन. माह्या हातानं नाही होत, मास्तर. तुमीच तं सांगितलं, त्याची नाही म्हणून."
वेशीपर्यंत सोबत गेलो.
संगीन पुसून पंच्यात गुंडाळून ठेवली आहे. मी हो म्हटलं तर मंजुळा सुटेल. मग राघो कुठेतरी असेल असं मानणारे गावात एकटे आबा, आणि ते का मानतात हे जाणणारा मी. आणि त्यांना पुन्हा माझ्याकडे यायला काही कारण उरणार नाही. बैलगाडी उजाडताच येणार आहे. काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही.