उशिरा आलेल्यांची यादी

१ फेब्रु. ९९, सोम.
नगरला जाऊन मेल पाहिली. कॉम्प्युटरवर मराठी लिहिण्याचा आमचा प्रोग्राम लोकांना फुकट देतो, करणारी माणसं गावोगावची, फावल्या वेळातली. त्यामुळे दर आवृत्तीला घोळ. मागच्या खेपेला दोघांनी एकमेकांना न सांगता छपाईचाच भाग बदलला, कुणाचंच छापेना. या वेळी जुळवाजुळव माझ्याकडे. सगळ्यांना कळवलं: आपापल्या भागाची फ्लॉपी शनि. १३ नंतर आली तर घेणार नाही. उशीर करणाऱ्याचं नाव वेगळ्या यादीत, यादी आवृत्तीसोबत जाणार. आमच्यातला सांगलीकर म्हणे, बाई फार कडक. असू दे.

९ फेब्रु.
पाथर्डीला साळवे सरांकडे. यांच्याच क्लासात टायपिंग शिकले. छपाईचा भाग आता एकट्या सरांकडे. धाप लागते फार. म्हणाले, "तुझी तारीख मला बी लागू." काकू कॉम्प्युटरकडे बघून कुरकुरल्या, "जेवान सुदिक त्या डब्ब्यापुढंच."

१३ फेब्रु., शनि.
सगळ्यांचं आलं, सरांचं नाही. पाथर्डीचे जीपवाले आमच्या शेवगावात स्टँडसमोरच्या पानटपरीवर पाकीट ठेवून जातात. टपरी बंद, मालकाच्या मेव्हणीचं लग्न. म्हणजे आलंच नसणार. सरांकडे फोन नाही. पहिल्याच वेळी आपल्या माणसासाठी तारीख मोडली तर झालंच मग. जुना भाग घातला. यादीत एकच नाव, सरांचं. 

१५ फेब्रु.
सकाळी नव्या आवृत्तीच्या सगळ्या फ्लॉप्या पोस्टात टाकल्या. परत येताना टपरीवाल्यानं हाक मारून सरांचं पाकीट दिलं. आता काय उपयोग. सरांना कार्ड टाकलं, पुढच्या आवृत्तीत घेते म्हणून.

२२ फेब्रु.
सरांचं उत्तर. "उशीर झाला असेल तर चूक माझी. नियम मोडू नकोस." बरं वाटलं. खरंच बरं वाटलं मला.

४ मार्च
सर गेले. परवाच. आज कळलं.

६ मार्च, शनि.
टपरीवाला सहज म्हणाला, "सरांचं शेवटचं पाकीट ना? शुक्रवारीच आल्तं की. शनवारी मी लग्नाला गेल्तो."
शुक्रवारी. एक दिवस आधी. सरांना माहीत होतं आणि माझा शब्द राहावा म्हणून गप्प बसले. मी मात्र सोमवारी साधं विचारलंसुद्धा नाही, कधी आलं म्हणून. मेली मी.

१० मार्च
सगळ्यांना मेल करायची. सर वेळेत होते, चूक माझी. नगरला निघाले आणि स्टँडवरून परत आले.

१२ मार्च
सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पाथर्डीला गेले. काकूंनी जवळ बसवलं. "त्या फ्लापीवर यांचं नाव आलंय म्हनं. गावोगावी गेलंय म्हनं." मी व्हय म्हटलं. खोटं नाही ते. "मला वाचता येतं बरं का, यांनीच शिकवलंय. रईवारी येते बघायला."

१३ मार्च, शनि.
माझ्या मशीनवर यादीचा मथळा बदलायला मिनिटसुद्धा लागणार नाही. सकाळपासून तेच उघडून बसलेय. वर 'उशिरा आलेले', खाली सरांचं नाव.
काकू उद्या दहाच्या गाडीनं येतायत.