डाव्या हाताची स्टिक

पेण, शुक्रवार संध्याकाळ

"रोह्याच्या मुलींनो, तुम्हाला मैदान नाही!" आज तिथल्या शाळेत भाषणाची अशी सुरुवात केली. टाळ्या. मग मैदानी, बर्फावरची, चाकांवरची, सगळी हॉकी समजावली. डावखुऱ्या नाझनीनने विचारलं, "सर, डाव्या हाताची स्टिक मिळते?"

"का नाही? मिळालीच पाहिजे!" मी गरजलो. पुन्हा टाळ्या.

ती मैत्रिणींकडे वळली. "अब्बा दुबईवरून आणतील. आता मला डावरीला 'उलटी' म्हणून चिडवून दाखवा गो!"

घरी येऊन पुस्तक उघडलं. तशी स्टिक बर्फावरच्या हॉकीत असते. मैदानी हॉकीत सगळ्यांना एकच, डावी बाजू सपाट असलेली. ठाऊक नव्हतं, तर गप्प का बसलो नाही? त्या टाळ्यांसाठी? पंच तिला ती स्टिक घेऊन खेळू देणार नाहीत, तेव्हा त्याच मैत्रिणी हसतील.

उद्या पहिल्या एसटीने रोह्याला जा. तिने अब्बांना फोन करायच्या आत, त्या मैत्रिणींसमोरच तिला सांग, "मला माहीत नव्हतं."